व्यापाराच्या चार विद्या आणि नवी पिढी



मुंबई विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई टॉवर हा एका जैन व्यापाऱ्याच्या दातृत्वाचा वारसा आहे. कापसाचे व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. दृष्टी गमावलेल्या त्या धर्मपरायण मातेला घड्याळाच्या ठोक्यांवरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. १८७८ मध्ये मनोरा पूर्ण झाला. सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय संलग्न आहे, ते विद्यापीठ हेच.

या देणगीच्या काळाची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा शेअर्समध्ये वळला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या कागदांवर लोकांच्या उड्या पडल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद शेठजींसारखा निष्णात पुरुषही त्या तडाख्यातून सुटला नाही.

या एका घटनेत चार विद्या एकत्र आल्या होत्या. कापसाची खरेदी-विक्री हा वाणिज्याचा विषय, शेअर्सची उलाढाल हा वित्तशास्त्राचा, लोभाने भारलेल्या जमावाचे वर्तन हा मानसशास्त्राचा आणि सातासमुद्रापलीकडील युद्ध हा आंतरराष्ट्रीय घडामोडींचा. यांपैकी एकच विद्या जाणणाऱ्याला येणारे संकट पूर्णपणे दिसणे कठीण होते. जैन दर्शनातील अनेकान्तवाद हेच शिकवतो की, वस्तू एकाच बाजूने पाहणाऱ्याला तिचे संपूर्ण स्वरूप कळत नाही.

आज या चारही विद्या विद्यापीठांत रीतसर शिकता येतात. वाणिज्य शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये सुरू झाले. आता बी.कॉम.बरोबरच लेखा व वित्त, बँकिंग व विमा, व्यवस्थापन असे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहेत. लोभ हा चार कषायांपैकी एक, असे शास्त्र सांगते. तो मनुष्याच्या निर्णयांवर कसा स्वार होतो, याचा प्रयोगाने अभ्यास मानसशास्त्र करते. डॅनियल कानेमन हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. त्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यावरून दोन शास्त्रांची जवळीक ध्यानात यावी.

जागतिक घडामोडींचा विषय सामान्यतः राज्यशास्त्रात शिकवला जातो. तो गावापासून दूरचा वाटतो, पण तसा नाही. देशातील काजू प्रक्रिया उद्योग आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या मालावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. तेथील धोरण बदलले की कोकणातील काजू बीच्या दरालाही त्याची झळ पोहोचू शकते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा सुरत आणि तिरुप्पूरच्या कापड व्यवसायाला चिंतेने ग्रासले. दुकानातल्या ताक्याचा भाव दूर देशीच्या निर्णयाशी असा बांधलेला असतो.

तरीही अनेक घरांत निर्णय ठरलेला असतो. मुलगा दुकानात बसणार, म्हणून त्याने बी.कॉम. करायचे. मुलीने मानसशास्त्र घेऊ म्हटले की, 'त्याचा उपयोग काय?' हा प्रश्न येतो. घरातील वडीलधाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. परंतु उधारी मागायला येणाऱ्याचे मन ओळखणे, भावंडांतील वाटणीचा ताण हलका करणे, परीक्षेत अपयशी ठरलेल्या मुलाला सावरणे, या गोष्टी खतावणीत लिहिलेल्या नसतात. त्या जाणणारी व्यक्ती घरात असणे हीसुद्धा मोठी पुंजी आहे.

सुदैवाने निवड आता पूर्वीइतकी एकमार्गी राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मुख्य विषयाबरोबर इतर विद्याशाखांतील ऐच्छिक विषय घेण्याची तरतूद झाली आहे. मात्र प्रत्यक्षात कोणते विषय मिळतात, ते त्या त्या महाविद्यालयातील अध्यापकांवर अवलंबून असते. म्हणून प्रवेशापूर्वी चौकशी आवश्यक आहे.

आणखी काही गोष्टी पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. सी.ए. ही विद्यापीठाची पदवी नसून १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वतंत्र संस्थेची परीक्षा आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी केवळ सर्वसाधारण पदवी पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावाला भुलून कर्ज काढू नये. विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे आधी पाहावे. माल पारखून घेणाऱ्या समाजाने शिक्षणही पारखूनच घ्यावे.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी समाजाने एक संकल्प करावा. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. पण त्याचबरोबर बारावीच्या निकालाआधीच विद्यार्थी आणि पालकांना एकत्र बसवून मार्गदर्शन करणारी बैठक दरवर्षी व्हावी. समाजातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी तेथे आपले अनुभव सांगावेत. गरजूंना बिनव्याजी शिक्षणनिधी मिळावा, आणि तो देताना मुलगा-मुलगी अथवा वाणिज्य-कला असा भेद केला जाऊ नये. प्रेमचंद शेठजींचे वैभव ओसरले, पण विद्येसाठी दिलेले दान आजही उभे आहे. दानाची ती परंपरा या ट्रस्टच्या हातून पुढील पन्नास वर्षे अखंड चालो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!