सांध्याचा पेच आणि दोन थापा



रिओ दि जानेरो येथील माराकाना मैदानावर २३ ऑक्टोबर १९५१ रोजी जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुरा वजनाने पुष्कळ भारी होता. दुसऱ्या फेरीत त्याने ग्रेसीचे मनगट धरले, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून स्वतःच्याच मनगटावर आवळला आणि तो हात पाठीमागे पिरगाळला. तरीही ग्रेसीने शरणागतीची थाप दिली नाही. अखेर थोरला भाऊ कार्लोस याने टॉवेल टाकून लढत थांबवली.

या प्रसंगातील धैर्याचे कौतुक फार होते. परंतु ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वर्गात नवशिक्याला पहिल्याच दिवशी याच्या उलट शिकवले जाते: पेच बसला की जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारावी; हात अडकले असतील तर तोंडाने सांगावे.

कुस्तीच्या आखाड्यात पाठ मातीला लागली की निकाल लागतो. इथे मात्र पाठीवर पडलेला खेळाडूच पुष्कळदा पेच टाकतो. कोपराचा पेच घ्या. प्रतिस्पर्ध्याचा हात दोन्ही मांड्यांमध्ये धरायचा, गुडघे जवळ आणायचे, मनगट छातीशी आवळायचे, अंगठा वर राहील असे पाहायचे आणि मग कंबर उचलायची. ही सरळसरळ तरफ होय: कंबर हा टेकू आणि मनगटावर बल. (विज्ञानाच्या शिक्षकांना फळ्यावर याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.) म्हणूनच लहान चणीची मुलगीही दांडग्या गड्याला थांबवू शकते.

नवशिक्याची चूक बहुधा एकच असते. गुडघे सैल राहतात, कोपर निसटते आणि ती उणीव तो हिसका देऊन भरून काढू पाहतो. हिसक्यात थाप मारायलाही अवधी उरत नाही. जाणता प्रशिक्षक म्हणूनच आधी पकड घट्ट करून घेतो, शेवटची दोन बोटे अंतर अगदी सावकाश कापायला लावतो. टाचेच्या पेचात तर अधिकच जपावे लागते. तिथे पीळ गुडघ्यावर जातो आणि वेदना जाणवेपर्यंत अस्थिबंध दुखावलेला असू शकतो. पांढऱ्या पट्ट्याच्या खेळाडूंना तो पेच स्पर्धेत वर्ज्य आहे, हे योग्यच.

मुलाला अशा वर्गात घालू इच्छिणाऱ्या पालकांनी भिंतीवरची पदके पाहण्याऐवजी कोपऱ्यात बसून अर्धा तास सराव पाहावा. थाप पडताच हात सुटतो का? थाप देणाऱ्याला कोणी हसते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तिथली मुले उद्या थाप द्यायला लाजतील आणि कोपरे दुखावून घरी येतील.

माराकानावरचा तो पेच ब्राझीलमध्ये पुढे विजेत्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. हरलेल्या ग्रेसी घराण्याच्या शिष्यपरंपरेतही तो आज ‘किमुरा’ म्हणूनच शिकवला जातो.