अनुबोधपटाचा अभ्यास आणि उसाचा फड
(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



अनुबोधपटांवर, म्हणजे हल्ली ज्यांना माहितीपट म्हणतात त्यांच्यावर, निबंध लिहू इच्छिणारे काही विद्यार्थी येथे आहेत. चित्रपट तीन-चार वेळा पाहावा, निवेदन व संकलन यांचे गुणदोष टिपावेत, म्हणजे निबंध सिद्ध झाला, अशी एक समजूत आहे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. चित्रकलेचा वा चित्रपटकलेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु अनुबोधपट वास्तवाविषयी विधान करतो, आणि विधान तपासण्याची शिस्त सर्व शास्त्रांना समान असते.

पहिला प्रश्न पैशाचा. १९३५ साली इंग्लंडात 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' हा अनुबोधपट निघाला. लंडनच्या गलिच्छ वस्तीतील माणसे त्यात कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडाने आपले हाल सांगतात. खर्च मात्र गॅस उद्योगाने केला होता. नव्या इमारती झाल्या तर गॅसला गिऱ्हाईक मिळणार होते. त्यामुळे त्या माणसांचे हाल खोटे ठरत नाहीत; पण उपाय म्हणून नव्या इमारतीच का पुढे येतात, याचा उलगडा होतो. उलट, १९४८ साली स्थापन झालेली आपली फिल्म्स डिव्हिजन सरकारी होती. तरी तिच्याच 'आय अ‍ॅम ट्वेंटी' या १९६७ च्या पटात स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली मुले मोकळेपणाने बोलली. तेव्हा पैसा कोणाचा, या प्रश्नाने तपासाचा आरंभ होतो, शेवट नव्हे.

दुसरा प्रश्न चौकटीबाहेर काय राहिले, हा. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मग देशी-परदेशी कॅमेरे आले. पोटावरचा व्रण व दवाखान्याची पाटी यांचे चित्र घेता येते, आणि ते खरेही असते. परंतु नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, मुकादमाची उचल जोडीच्या अंगावर असते, एकीने अंग टाकले तर खाडा जोडीला पडतो, फडावर पाणी नाही, संडास नाही. या व्यवस्थेचे छायाचित्र कसे घ्यावे? ती चौकटीत आली नाही की सारा दोष लोभी डॉक्टर आणि अडाणी बाई यांच्या माथी जातो आणि कारखाना नामानिराळा राहतो. डॉक्टरांच्या दोषाला मी पांघरूण घालीत नाही. पण टनामागचा तोडणीचा दर, साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील करार, मुकादमाची वही ही कागदपत्रे चित्रपटाशेजारी मांडून ताडून पाहणे, हे निबंधलेखकाचे काम होय.

तिसरा प्रश्न ज्यांचे चित्रण झाले त्यांचा. आनंद पटवर्धन यांच्या 'बॉम्बे : अवर सिटी' (१९८५) या पटात झोपडी गमावलेली एक बाई चित्रण करणाऱ्यांवरच संतापते, गरिबांचे फोटो काढून तुम्ही काय करणार, असे विचारते. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही. तोच प्रश्न संशोधकालाही लागू आहे.

म्हणून एक व्यावहारिक सूचना करतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडल्या की गावात म्हातारी माणसे आणि मुले तेवढी उरतात. तेव्हा घेतलेल्या मुलाखतींत कोयता धरणारी बाई सापडत नाही. तिला भेटायचे तर सांगली-कोल्हापूरच्या फडावर जावे, नाहीतर पावसाळ्यात गावी. चित्रपट तिला दाखवावा. त्यात काय सुटले ते विचारावे. नाव छापू नये, असे ती म्हणाली तर छापू नये. तिचे उत्तर आपल्या प्रतिपादनाविरुद्ध गेले तरी निबंधात यावे.

विद्यापीठाला प्रबंध इंग्रजीत हवा असेल तर तसा द्यावा. परंतु त्याचे मराठी सार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी मागून घ्यावे आणि पुढचा दरवाढीचा करार होण्यापूर्वी तांड्यावर, वस्तीवर वाचून दाखवावे. शस्त्रक्रियांचे आकडे जमा झाले आहेत; खाड्याच्या दंडाचा हिशेब मागण्याचे काम अद्याप उरले आहे, आणि त्याला असा निबंध उपयोगी पडेल.