दप्तरातली कार्डं

16 जुलै 1942 च्या पहाटे पॅरिसमध्ये ज्यूंची धरपकड सुरू झाली. शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, मागणीही त्यांचीच. पण दारं ठोठावली ती फ्रेंच पोलिसांनी.

त्यांना नेमके पत्ते मिळाले कुठून? ऑक्टोबर 1940 मध्ये पॅरिस आणि परिसरातल्या ज्यूंना पोलीस ठाण्यात येऊन नाव नोंदवायला सांगितलं होतं. जवळजवळ दीड लाख माणसं आली. सरकारनं बोलावलं, रांगेत उभी राहिली. या नोंदींवरून आंद्रे त्युलार नावाच्या अधिकाऱ्यानं कार्डं करवून घेतली आणि ती नावावार, राष्ट्रीयत्वावार, गल्लीवार, धंद्यावार लावली. फ्रेंच नागरिकाचं कार्ड निळं, परदेशी माणसाचं नारिंगी, कुठल्याच देशाचा नसलेल्याचं फिकट तपकिरी. दप्तर कसं ठेवावं याचा नमुनाच म्हणा ना!

जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रान्सच्या विशी सरकारचे पोलीसप्रमुख रने बुस्के यांनी या कामाला आपली माणसं देऊ केली. सोळा वर्षांखालची मुलं जर्मनांनी तेव्हा मागितलीही नव्हती. तीही न्या, असं पंतप्रधान लावाल यांनीच सुचवलं. दोन दिवसांत सुमारे 13 हजार लोक पकडले गेले, त्यांत चार हजारांवर मुलं. मुलाबाळांसकट कुटुंबं सायकल शर्यतींच्या बंदिस्त स्टेडियममध्ये कोंडली. तिथून छावण्या, आणि पुढे आउशविट्झ.

मला मात्र या आकड्यांहून जास्त अस्वस्थ करतं ते पोलिसांना दिलेलं परिपत्रक. घर सोडताना गॅस, वीज, पाणी बंद केल्याची खात्री करावी. पाळीव जनावरं इमारतीच्या रखवालदाराकडे सोपवावीत. मांजराची सोय विसरली नव्हती.

त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या नान्सी शहरात वेगळंच घडलं. तिथल्या पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाचे प्रमुख होते एदुआर व्हिन्येराँ. 19 जुलैला उचलायच्या साडेतीनशेहून अधिक ज्यूंची यादी त्यांच्याकडे आली. पिएर मारी आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी आदल्या दिवशी घरोघर निरोप पोहोचवले, काहींना पळून जाण्यापुरती कागदपत्रंही करून दिली. दुसऱ्या दिवशी बहुतेक घरं रिकामी निघाली. आम्ही हुकमाचे ताबेदार, हे उत्तर नान्सीपुढे टिकत नाही. खातं तेच होतं आणि हातातली यादीही तशीच.

तरी पुढे एका खटल्यात ते उत्तर दिलं गेलंच. बोर्दोच्या प्रांतिक कचेरीत 1942 ते 1944 या काळात सरचिटणीस असलेले मोरीस पापाँ यांच्या हाताखाली ज्यूंविषयीचं कामकाज चाले. युद्धानंतर त्यांना बढत्याच मिळाल्या. 1958 मध्ये ते पॅरिसचे पोलीसप्रमुख झाले, पुढे अर्थसंकल्पमंत्री. 1981 मध्ये त्यांच्या सहीचे जुने कागद वर्तमानपत्रात छापून आले, आणि त्या कामकाजावरून त्यांच्यावर झालेल्या खटल्याचा निकाल लागायला 1998 उजाडलं. शिक्षा झाली दहा वर्षांची. प्रत्यक्ष तुरुंगात तीन वर्षंही पुरी झाली नव्हती, तेव्हा 2002 मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्यांना सोडण्यात आलं.