नाट्यगृह आणि शेवटची गाडी

शहरात नवे नाट्यगृह बांधावयाचे ठरले म्हणजे वादाला तोंड फुटते ते बहुधा त्याच्या नावावरून. नावाचा निकाल लागला की मग आसने किती, रंगमंचाची रुंदी किती, पंखे असावेत की वातानुकूलन, हे प्रश्न निघतात. त्यांची उत्तरे तज्ज्ञांना ठाऊक असतात आणि पैसा खर्च केला की ती प्रत्यक्षात उतरतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. रात्री अकराच्या सुमारास पडदा पडल्यावर बाहेर आलेला माणूस घरी कसा जाणार? नाट्यगृहात हजार आसने आहेत, असे अहवालात लिहिता येते. परंतु त्या हजारांपैकी किती आसनांवर माणसे येऊन बसतील, हे स्टेशन किती पावलांवर आहे आणि शेवटची बस किती वाजता सुटते यावर ठरत असते.

मुंबईच्या रंगभूमीचा इतिहास जागेच्या अशाच एका हलवाहलवीने पालटला. इंग्रजांचे पहिले नाट्यगृह १७७६ साली किल्ल्यातील हिरवळीवर, म्हणजे साहेबांच्या दारातच उभे राहिले होते. १८३५ साली ते विकावे लागले आणि पुढे १८४६ साली नवे नाट्यगृह झाले ते किल्ल्याबाहेर, दूर ग्रँट रोडवर. जागा दिली होती नाना शंकरशेटांनी. नाट्यगृह साहेबांसाठी होते. पण साहेबाला ते अंतर मानवेना. रात्री घोडागाडी जुंपून एतद्देशीयांच्या वस्तीतून जावयाचे आणि यावयाचे, हे त्याच्या जिवावर येऊ लागले. गोरा प्रेक्षक रोडावला, दर उतरले आणि ज्यांची घरे जवळ होती ते लोक आत येऊ लागले. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीहून येऊन मुंबईत आपले खेळ केले ते याच रंगमंचावर, आणि पारशी मंडळींची नाटकेही याच वर्षी येथेच उभी राहिली. इमारत तीच, आसने तीच. जागा बदलल्याबरोबर प्रेक्षक बदलला आणि प्रेक्षक बदलल्यावर नाटकाची भाषाही बदलली. याच १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. त्या आगगाडीच्या प्रवर्तकांतही नाना शंकरशेट होतेच. एकाच गृहस्थाने नाटकाला जमीन दिली आणि आगगाडीलाही हातभार लावला. या दोहोंची गाठ मात्र पुढे योगायोगानेच पडत गेली.

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात परतीचा प्रश्न फारसा भेडसावीत नसे, कारण नाटक संपताना पहाटच होई. पदांना ‘वन्स मोअर’ मिळत, नायिकेचे एकेक पद अर्धाअर्धा तास रंगे, आणि भैरवी संपवून प्रेक्षक बाहेर पडे तेव्हा दूधवाले रस्त्यावर आलेले असत. आजच्या नाटकाची लांबी दोन-अडीच तासांवर आली, याचे श्रेय समीक्षक बदलत्या अभिरुचीला देतात. ते खरेही असेल. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी गाठावयाची आहे आणि लोकल चुकवून चालणार नाही, या धास्तीचाही त्यात वाटा आहे. मुंबईच्या लोकलगाड्या मध्यरात्रीनंतर सुमारे एक ते चार या वेळात विसावा घेतात. नाटककाराने तिसरा अंक कितीही प्रेमाने लिहिलेला असो, त्याला ही वेळ ओलांडता येत नाही.

गिरणगावाची गोष्ट वेगळी होती. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले, ते गिरण्यांच्या आणि चाळींच्या मधोमध. पाळी संपवून, आंघोळ करून, शिट्टीच्या आधी नाटकाला पोहोचणारा कामगार पायीच येई आणि पायीच जाई. कामगार रंगभूमी म्हणून ज्या चळवळीचा गौरवाने उल्लेख होतो, तिच्यामागे कामगारांची हौस होती, शाहिरांची परंपरा होती, कोकणातील दशावतार आणि नमन-खेळे होते. आणि त्याबरोबरच, ज्याचा उल्लेख कोणी करीत नाही असे, पायी चालण्याइतके अंतरही होते. गिरण्या बंद पडल्या, चाळी पडून मनोरे उभे राहिले, कामगाराची मुले विरार-बदलापूरकडे राहावयास गेली. दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले तेव्हा त्याच्या चाहत्यांनी हळहळ व्यक्त केली. परंतु त्याचा मूळचा प्रेक्षक त्याआधीच चालण्याच्या अंतरापलीकडे गेलेला होता.

मग विखुरलेला हा प्रेक्षक एकत्र येणार कोठे? त्याचे उत्तर कोणत्याही नगररचनाकाराने दिले नाही, ते रेल्वेच्या रुळांनी दिले. पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांच्या गाड्या जेथे एकमेकींना भेटतात ते स्टेशन दादर. १९६५ साली सुरू झालेले शिवाजी मंदिर तेथून अवघ्या काही मिनिटांच्या वाटेवर आहे. प्लाझा सिनेमासमोरची ती जागा पाहिली तर नाट्यगृहाला शोभेल अशी ऐसपैस मुळीच नाही. खाली दुकाने, समोर वाहनांची गर्दी, मोटार उभी करावयास जागा नाही. प्रेक्षकाने जिना चढून वर जावयाचे. नाट्यगृहाचे सौंदर्य मोजणाऱ्यांनी नाक मुरडावे अशीच ती वास्तू. असे असूनही मराठी व्यावसायिक नाटकाची राजधानी म्हणून पुढची कित्येक दशके तिचे नाव घेतले गेले. बोरिवलीचा बँकेतला कारकून आणि डोंबिवलीची शाळेतली शिक्षिका यांना एकाच रांगेत बसविण्याचे सामर्थ्य त्या जागेत होते, आणि हे सामर्थ्य मोटार उभी करण्याच्या जागेने येत नाही.

त्याहून बोलके उदाहरण छबिलदास शाळेचे आहे. दादर स्टेशनाजवळच्या या शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकांचा मुक्काम ठोकला. तेथे धड रंगमंच नव्हता, बसावयास गुबगुबीत खुर्च्या नव्हत्या. पण कॉलेजातला पोरगा खिशात लोकलचा पास असला म्हणजे तेथे पोहोचू शके, आणि नाटक संपल्यावर रस्त्यावर उभा राहून वाद घालूनही त्याला गाडी मिळे. नाटक पाहणे हे निम्मे काम. त्यावर चार माणसांत बोलणे हे उरलेले निम्मे. ज्याला घड्याळाकडे पाहत पळावे लागते त्याच्या वाट्याला हे दुसरे निम्मे येत नाही.

ठाणे शहरात ही तुलना अधिक स्पष्ट होते, कारण तेथे गाव एकच आणि महापालिकेची मोठी नाट्यगृहे दोन. गडकरी रंगायतन १९७८ साली मासुंदा तलावाच्या काठी उभे राहिले. स्टेशनावरून बाजारपेठेतून चालत यावे, तलावपाळीवर थोडा वारा खावा आणि तिसऱ्या घंटेला आत शिरावे, अशी तेथील रीत. पुढे शहर घोडबंदर रस्त्याच्या अंगाने वाढले आणि डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या नावाचे दुसरे नाट्यगृह मानपाड्याच्या बाजूस झाले. ते अधिक नवे, अधिक सोयीचे, वाहनतळ असलेले. त्या भागातील वस्तीला तेथे नाट्यगृह नको होते, असे कोणी म्हणू नये. नव्या वस्तीतल्या माणसालाही नाटक पाहण्याची हौस असतेच. त्याने दर वेळी जुन्या गावात का यावे? चूक जागेची नाही. जागा दिली आणि वाट दिली नाही, ही चूक आहे. घोडबंदर रस्त्यावरून मेट्रो नेण्याचे काम सुरू झाले ते नाट्यगृहानंतर कित्येक वर्षांनी. तोवर स्टेशनाकडून येणाऱ्याने रिक्षावाल्याशी हुज्जत घालावी, आणि परतताना तोही नसेल तर नशिबाशी घालावी.

असे का होते याचे कारण फार गूढ नाही. स्टेशनाजवळ मोकळी जमीन नसते आणि असली तर तिचा भाव ऐकून नगरपित्यांचे डोळे पांढरे होतात. गावाच्या कडेला, नव्या संकुलात, सार्वजनिक सोयीसाठी राखलेला भूखंड आयता मिळतो. मग तेथेच कोनशिला बसते. वाचलेला पैसा अंदाजपत्रकात दिसतो. परंतु प्रत्येक प्रयोगाला प्रत्येक प्रेक्षक रिक्षेला जे मोजतो त्याची बेरीज कोणत्याच अंदाजपत्रकात येत नाही. बांधकामाच्या नियमावलीत अमुक इतक्या आसनांमागे एका मोटारीची जागा ठेवावी, असे कलम असते. शेवटच्या बसविषयी त्याच नियमावलीत सहसा चकार शब्द नसतो.

श्रीमंत वास्तूही याला अपवाद नाहीत. नरिमन पॉइंटच्या अगदी टोकाशी, समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर राष्ट्रीय संगीत नाटक केंद्र उभे आहे. त्याच्या टाटा थिएटरमध्ये १९८० पासून कानाला कोणत्याही कोपऱ्यात सुख लाभते. पण रात्री चर्चगेट गाठणे हे पायांना सुखाचे नसते. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र ३१ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. त्यातील मोठ्या प्रेक्षागृहात दोन हजार माणसे बसतात. संकुलाच्या नावात वांद्रे आणि कुर्ला अशी दोन स्टेशने आहेत, आणि चालत जाण्यासारखे त्यांतले एकही नाही. भुयारी मेट्रो तेथवर आली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोहोचून तिने नरिमन पॉइंटच्या परिसरालाही स्पर्श केला. आता अडचण सरली असे वाटावे, तोच वेळापत्रक पाहावे. २०२५ साली हा मार्ग पूर्ण झाला तेव्हा शेवटची गाडी सुटण्याची वेळ रात्री साडेदहाची ठेवली होती. साडेआठला सुरू झालेल्या नाटकाचा उत्कर्षबिंदू साधारण त्याच सुमारास येतो.

पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. त्याची कोनशिला १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली आणि १९६८ साली ते खुले झाले, तेव्हा पुणे सायकलींचे शहर होते आणि जंगली महाराज रस्ता पेठांतल्या माणसाला नदीवरील पूल ओलांडला की सापडे. सायकली गेल्या, स्कूटरी आल्या, मग मोटारींनी रस्ता तुंबला. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये संभाजी उद्यानाशेजारून मेट्रो धावू लागली. येथेही मेट्रो नाटकासाठी आली नव्हती, ती वाटेत सापडली.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर दिल्लीत मंडी हाउसच्या चौकाभोवती कमानी, श्रीराम सेंटर, रवींद्र भवन आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय अशा वास्तू एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये तेथे मेट्रोचे स्टेशन झाले, आणि एका स्टेशनाने इतक्या वास्तूंची सोय केली. नाट्यगृहे पसरून ठेवण्यापेक्षा एकत्र ठेवली तर एक बसमार्गही सर्वांना पुरतो, हा साधा हिशेब आहे. बंगळूरच्या ‘रंगशंकरा’ने दुसरी तोड काढली. २००४ साली जे. पी. नगरात झालेले हे नाट्यगृह शहराच्या मध्यात नाही. तेथे नाटक संध्याकाळी साडेसातला सुरू होते आणि उशिरा आलेल्यास, तो कोणीही असो, आत घेत नाहीत. हा दंडक प्रथम कठोर वाटतो. पण वेळेवर सुरू झालेले नाटक वेळेवर संपते आणि प्रेक्षकाला बस मिळते. मराठी निर्मात्यांनी शनिवार-रविवारच्या दुपारच्या प्रयोगांवर भर दिला, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान आहे. दुपारी चारच्या खेळाला एकट्या येणाऱ्या स्त्रिया, वृद्ध जोडपी, लहान मुले घेऊन आलेली कुटुंबे दिसतात. हीच माणसे रात्रीच्या खेळाला दिसत नाहीत. त्यांची अभिरुची दुपार-रात्रीत पालटत नाही. पालटतो तो परतीचा रस्ता.

प्रेक्षकाला निदान प्रयोग निवडण्याची मुभा असते. रंगमंचामागे काम करणाऱ्यांना ती नसते. नटमंडळींपैकी पुष्कळजण आपल्या मोटारीने जातात. परंतु नेपथ्य उतरविणारे, दिवे काढणारे, कपड्यांना इस्त्री करणारे, रंगभूषा करणारे, पडदा ओढणारे हे लोक प्रेक्षक गेल्यावर तासाभराने मोकळे होतात. खांब सुटे करावयाचे, चौकटी टेम्पोत चढवावयाच्या, सामानाची मोजणी करावयाची, आणि मग घराकडे पाहावयाचे. त्यांची घरे कल्याणच्या, विरारच्या पलीकडे आहेत, कारण त्याअलीकडे त्यांना परवडत नाही. दादरला प्रयोग असला तर धावत जाऊन शेवटची गाडी पकडता येते. प्रयोग स्टेशनापासून दूर असला आणि रिक्षेचे भाडे त्या रात्रीच्या मिळकतीला भगदाड पाडणार असले, म्हणजे ते नाट्यगृहातच एखाद्या खोलीत सतरंजी पसरतात, किंवा फलाटावरच्या बाकावर बसून पहिल्या गाडीची वाट पाहतात. ती पहाटे चारनंतर सुटते.