‘परवडणे’ : एका क्रियापदाचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत ते आम्हांला गणित शिकवीत. मी मात्र जन्मभर मराठी शिकवीत राहिलो. तेव्हा आज एका शब्दाचाच हिशेब मांडतो. तो शब्द ‘परवडणे’.

आमचे मूळ गाव चंदगड तालुक्यातले. घाटमाथ्याची उतरती वरकस जमीन, पाऊस अफाट, माती पातळ. माझ्या लहानपणी तेथे नाचणी होई, आज काजू उभा आहे. कारण विचारावे तर उत्तर एकच : ‘नाचणी परवडत नाही.’

सरकारी कागद निराळे बोलतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरला, साध्या भाताचा २,३६९. म्हणजे दुपटीहून अधिक! २०२३ हे तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी एका सभेत मीही नाचणीची थोरवी गायिली, आणि गावी गेल्यावर तीच वहिनींना ऐकविली. त्या म्हणाल्या, “भावोजी, भाकरी गोडच लागते. पण तरवा काढायला, पावसात वाकून लावायला, कणसं खुडायला कोण येणार? तुम्ही?”

मी निरुत्तर झालो. नाचणीची कणसे एकदम पिकत नाहीत; दोन-दोन वेळा रान फिरून ती खुडावी लागतात. मग मळणी, पाखडणी. हे सारे बहुतेक बायकांच्या हातचे.

‘परवडणे’ हे क्रियापद चतुर्थी मागते. कोणाला परवडते, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. आपण नेमकी ती चतुर्थीच गाळतो. २०१८-१९ पासून हमीभाव उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट धरतात, आणि त्या खर्चात घरच्या माणसांचे श्रमही मोजतात. मोजणी चोख आहे. पण ज्या घरची नाचणी कणगीतून थेट जात्यात जाते, त्या घरी हमीभाव पोहोचणार कोठून? वहिनींच्या श्रमाची किंमत कागदावर पडली, पदरात पडली नाही.

काजूचे तसे नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड धरू लागते, उन्हाळ्यात बी वेचली की हाती रोख पैसा. त्याचीही गोम आहेच : आफ्रिकेतून कच्ची बी किती आली यावर आमच्या बांधावरचा दर हलतो, आणि दर पडला तर काजू खाऊन काही वर्ष निघत नाही. नाचणी मात्र वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते. म्हणून काजू लावणाऱ्यास मी वेडा म्हणणार नाही, आणि नाचणी सोडली म्हणून हळहळणाऱ्यांच्या सभेतही आता बोलत नाही.

गेल्या वर्षी वहिनींनी काजूच्या कडेला दोन गुंठे नाचणी केली, घरापुरती. दिवाळीनंतर मी खुडणीला गेलो. दुपारपर्यंत माझी टोपली अर्धीही भरली नव्हती. वहिनींची तिसरी भरत आली होती.