आधी पाण्याचा हिशेब, मग पाहुण्यांची खोली



आपल्या किनाऱ्यावरच्या गावांत आता घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघू लागल्यात. आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय आला, तेव्हा पहिला प्रश्न निघाला कर्जाचा, दुसरा एसीचा. पाण्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी आला. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, हे ठाऊक असूनही! म्हणून आज आम्ही एका बेटाविषयी सांगणार आहोत. तिथे आधी पाण्याचा विचार झाला.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, टांझानिया देशात, झांझिबार आहे. लवंगेसाठी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याच्याजवळ चुंबे नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे जंगल, एक जुना दीपगृहाचा मनोरा आणि कडेच्या समुद्रात रंगीत प्रवाळ. १९९४ साली हे प्रवाळ संरक्षित झालं, तिथली मासेमारी बंद झाली. राखणीचा खर्च निघावा म्हणून बेटावर पाहुण्यांची सोय केली. खोल्या किती? फक्त सात.

बेट सगळं खडकाचं, गोड्या पाण्याची विहीर नाही. म्हणून प्रत्येक खोलीचं मोठं छप्पर पावसाचं पाणी धरतं. ते गाळून जमिनीखालच्या टाकीत साठवतात. आंघोळीचं पाणी हातपंपाने वर चढवायचं आणि उन्हावर तापवायचं. सांडपाणी समुद्रात सोडत नाहीत, झाडांच्या वाफ्यात जिरवतात. संडासात पाणी ओतायचं नाही, तिथे खत तयार होतं. दिवे सौरऊर्जेवर. एसी नाही. खोलीची समुद्राकडची बाजू मोकळी, वारा आपसूक येतो.

एवढी गैरसोय, मग तिथे येतं कोण? येतात बघा, आणि भरपूर पैसे मोजून येतात. कारण तिथे गर्दी नाही, गोंगाट नाही, आणि पाण्याखालचे मासे डोळे भरून पाहता येतात. रात्री जंगलात भलामोठा नारळी खेकडा दिसतो. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, शंख-शिंपले उचलायचे नाहीत, हे पाहुण्यांना स्पष्ट सांगितलं जातं. राखणदार म्हणून आसपासच्या गावांतल्या मच्छीमारांनाच तयार केलं. पाहुण्यांच्या पैशातून झांझिबारच्या शाळेतली मुलं बेटावर शिकायला येतात.

आता आपल्याकडे वळूया. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. आपलं छप्पर ५० चौरस मीटरचं धरा. थोडं वाया गेलं तरी २५० मिलिमीटर पावसात १० हजार लिटरची टाकी भरते. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस थोड्याच दिवसांत पडतो. रोज १०० लिटर वापरलं, तर ही टाकी १०० दिवस पुरते. म्हणजे दोन पाहुण्यांना प्रत्येकी ५० लिटर. पण आपला पाऊस चार महिन्यांत संपतो. टाकीचं पाणी उन्हाळ्यासाठी झाकून, जपून ठेवायला हवं. आणि चार खोल्या काढायच्या असतील, तर एका टाकीवर भागणार नाही.

पैशाचंही बोलूया. राज्य सरकारने २०२३ साली महिलांसाठी 'आई' पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन व्यवसायासाठी घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा आहे. अटी पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात नीट विचारून घ्या. पण लक्षात ठेवा, परतावा व्याजाचा आहे, मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे. टँकरचं पाणी विकत घेऊन पाहुणे ठेवले, तर हप्त्याला काय उरणार? आणि शेजारणीची विहीर आटली, तर गटातली एकी टिकणार कशी?

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत कर्जाच्या अर्जाआधी तीन गोष्टी वहीत लिहा. मे महिन्यात आपल्या विहिरीत पाणी किती असतं? सांडपाणी कुठे जिरणार? आणि पाहुण्यांना कोणते नियम सांगणार? या तिन्हींची उत्तरं मिळाली, की खोल्या किती काढायच्या हे आपोआप ठरेल. दोनच निघाल्या तरी चालतील. चुंबेवर सातच आहेत, आणि बेट त्यावर राखलं जातंय.