देवही नाहीं, सैतानही नाहीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाच्या इमारतीविषयीं, घंटेविषयीं व पायाचे दगड वाहणाऱ्या आपल्या वाडवडिलांविषयीं बोलावें, हा रिवाज आहे. आणि तसें बोलणारे वक्ते आज पुष्कळ आहेत. आम्हीं मात्र चालकांची परवानगी घेऊन निराळाच विषय निवडला आहे. जे गृहस्थ देव मानीत नाहींत आणि सैतानही मानीत नाहींत, त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलावे असें आमच्या मनांत आहे. त्यांपैकीं एक आमच्या गांवच्या शाळेंत मास्तर होते, व त्यांचें ऋण आमच्या घरावर आहे. तें कसलें, हें पुढें सांगूं.

प्रथम 'नास्तिक' या शब्दाकडे पाहूं. आपण तो फार सहज वापरतों. परंतु आपल्या देशांतील जुन्या शास्त्रकारांच्या परिभाषेंत नास्तिक म्हणजे वेदांचें प्रामाण्य न मानणारा. चार्वाक, बौद्ध आणि जैन हे त्या पंक्तींत बसविलेले आहेत. आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारें सांख्यदर्शन, तें वेद मानतें म्हणून, आस्तिकांत गणलें आहे. या हिशेबानें पाहिलें तर आज या मंडपांत बसलेले आम्ही सर्व नास्तिकच ठरतों! रोमी साम्राज्यांतही ख्रिस्ती लोकांना हेंच नांव होतें. दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास स्मर्ना शहराचे वृद्ध बिशप संत पोलिकार्प यांना क्रीडांगणांत उभें करून, नास्तिकांचा धिक्कार करा असा हुकूम सुभेदारानें केला. नास्तिक म्हणजे त्यांचेच धर्मबंधू. पोलिकार्पांनीं भोंवतालच्या जमावाकडे हात करून धिक्काराचे तेच शब्द उच्चारले. ख्रिस्ताला मात्र नाकारलें नाहीं, आणि ते मरणास सामोरे गेले. त्याच काळीं संत जस्टिन यांनीं बादशहास लिहिलेल्या आपल्या कैफियतींत कबूल केलें कीं, तुम्ही ज्यांना देव म्हणतां त्यांच्यापुरते आम्ही नास्तिकच आहों. तेव्हां जो शब्द एकेकाळीं आपल्यावर फेंकला गेला, तो दुसऱ्यावर फेंकतांना हात जरा आंवरावा हें बरें.

आतां मास्तरांच्या म्हणण्याकडे येतों. ते नेहमीं म्हणत, "तुमचा देव आणि तुमचा सैतान एकाच जोडीचे, एक गेला कीं दुसरा राहत नाहीं. मीं दोघांनाही रजा दिली आहे." ऐकावयास हें सरळ वाटतें. परंतु ख्रिस्तसभेनें त्या दोघांना कधींही एका पंक्तीस बसविलेलें नाहीं. प्रेषितांच्या विश्वासांगीकारांत पित्यावर, पुत्रावर व पवित्र आत्म्यावर आपण विश्वास ठेवितों; सैतानाचें नांव त्यांत कोठेंच नाहीं. तें नांव आपण घेतों तें बाप्तिस्म्याच्या वेळीं व पास्काच्या रात्रीं, आणि तेंही त्याचा त्याग करण्यासाठीं. सैतान आहे असें ख्रिस्तसभा शिकविते, हें आम्ही लपवीत नाहीं. पण १२१५ सालच्या लॅटरन येथील परिषदेनें स्पष्ट सांगून ठेविलें आहे कीं, तोही देवानेंच उत्पन्न केलेला, मूळचा चांगला, आणि आपल्या करणीनें बिघडलेला. तो दुसरा देव नव्हे. फार काय, संत याकोबाच्या पत्रांत तर म्हटलें आहे कीं, भुतेंही देव एकच आहे असें मानतात व थरथर कांपतात. म्हणजे देव आहे एवढें नुसतें मानल्यानें जर कोणी श्रद्धावान होत असता, तर पहिला मान सैतानाला द्यावा लागला असता.

हें सर्व आम्हांस तेव्हांही ठाऊक होतें. आणि तरीही आमच्या घरांत काय घडलें तें ऐका.

आमची एक धाकटी चुलतबहीण. वय अकरा वर्षांचें. एके दिवशीं विहिरीपाशीं ती पडली, दांतखिळी बसली, तोंडाला फेंस आला. पुढें महिन्यांतून दोन-तीनदां तसें होऊं लागलें. घरांत रोज संध्याकाळीं जपमाळ होत असे. पण जपमाळ संपली कीं वडील माणसें कुजबुजत, आणि अखेर तिला एका भगताकडे नेण्यांत आलें. विहिरीवरचें कांहीं लागलें आहे, असें त्यानें सांगितलें. मग लिंबें झालीं, कोंबडी झाली, शेवटीं मिरच्यांची धुरी आणि वेत. मुलीचा जीव गुदमरला, हातांवर वळ उठले. आम्ही तेथें उभे होतों. वयानें लहान नव्हतों, शाळा शिकलेले होतों, आणि गप्प राहिलों. कारण, खरें सांगावयाचें तर, आम्हांसही भय वाटत होतें. फादरांना कळविलें नाहीं. ते रागावतील, अशी धास्ती होती.

मास्तरांना वर्गांत तिची जागा रिकामी दिसली. ते घरीं आले, वळ पाहिले, कोणावरही ओरडले नाहींत. दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें मुलीला व तिच्या आईला घेऊन ते मुंबईच्या इस्पितळांत गेले. रोगाचें नांव अपस्मार, ज्याला आपण फेफरें म्हणतों. गोळ्या सुरू झाल्या. त्या कित्येक वर्षें घ्याव्या लागल्या, पण झटके हळूहळू थांबले. परत आल्यावर मास्तरांनीं आमच्या चुलत्यांना एवढेंच विचारलें, "भाऊ, तुमच्या घरांत मोठा कोण, देव कीं सैतान?" चुलते भिंतीवरच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे पाहत राहिले. उत्तर आम्हां कोणालाच देतां आलें नाहीं.

फादरांना विचारलें असतें तर त्यांनींही इस्पितळच दाखविलें असतें. १९८३ च्या धर्मसंहितेच्या ११७२ व्या कलमाप्रमाणें, बिशपांच्या खास व स्पष्ट परवानगीवांचून कोणाही धर्मगुरूला भूतबाधेवरचा विधि करतां येत नाहीं. आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधिग्रंथांत, आजाराला बाधा समजण्याची घाई करूं नका, असें बजाविलें आहे. आपल्या राज्यांत तर भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, सांखळीनें बांधणें, मिरचीची धुरी देणें हा २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला. त्या कायद्यासाठीं वर्षानुवर्षें झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. आमच्या बहिणीचे वळ त्याच्या किती तरी आधींचे.

मास्तरांशीं आम्हीं पुढें पुष्कळ वाद घातला. त्यांचा खरा आक्षेप ग्रंथांतला नव्हता. लहान लेंकरांच्या वाट्याला दुःख कां, एवढाच होता. आम्हीं सांगितलें कीं, संत थॉमस यांनींही ईश्वराच्या अस्तित्वाचे पांच मार्ग दाखविण्यापूर्वीं ही वाईटाची हरकतच पहिली मांडली आहे, व देव वाईटांतूनही चांगलें निर्माण करितो असें तिचें उत्तर दिलें आहे. मास्तर म्हणाले, "उत्तर चांगलें आहे. तुमच्या बहिणीला सांगून पाहा." आम्हीं तें सांगितलें नाहीं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं आधुनिक जगांतील ख्रिस्तसभेविषयीं जो दस्तऐवज काढला, त्यांत निरीश्वरवाद चुकीचा असें निःसंदिग्ध म्हटलेंच आहे. परंतु त्याच ठिकाणीं असेंही कबूल केलें आहे कीं, तो उपजण्यांत श्रद्धावंतांचा वांटा लहान नाहीं. त्यांच्या सदोष वागणुकीनें देवाचें मुख झांकलें जातें. हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें दरवेळीं मिरच्यांचा तो धूर येतो. मास्तरांनीं आमच्या घरांत देव शोधावयाचा म्हटला असता, तर त्या धुरांतून त्यांना कोण दिसणार होता?

मास्तर गेले तेव्हां कोणताही विधि करूं नये, असें त्यांनीं लिहून ठेविलें होतें. देहही वैद्यकीय महाविद्यालयाला दिला. त्यामुळें त्यांना कबर नाहीं. आमची बहीण आतां तीन मुलांची आई आहे. दर २ नोव्हेंबरला आपल्या वडिलांच्या कबरीवर ती एक मेणबत्ती लावते, आणि त्याच कबरीच्या कडेला आणखी एक. दुसरी कोणाची, हें मुलांनीं विचारलें म्हणजे ती त्यांना मास्तरांचें नांव सांगते.